जिला मी पाया पाडलं

माझी थोरली जाऊ नाटकाला येत नसे. गावदेवीच्या जत्रेचं नाटक असो, शाळेचं गॅदरिंग असो, सगळं घर सतरंजी घेऊन निघालं की ती दारात उभी राहून म्हणायची, "जावा तुमी. घर राखाया कोन तरी पायजे." घरात राखण्यासारखं काय होतं, तर दोन म्हशी आणि भाताची कणगी. त्यांनी एकमेकींना राखलं असतं. खरं कारण मी होते. ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तरी पंचेचाळीस वर्षं आम्ही एका चुलीवर रांधून एका ओळीत बसून जेवलो.

हे लिहिण्याआधी तिला विचारलं आहे. "लिव, पन मला वाचून दाखव," एवढंच म्हणाली. वाचून दाखवलं. दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. एका ठिकाणी म्हणाली, "हितं तू सोताला लय शानी दाखवलीस गं." तेही काढलं. आता जे उरलं आहे त्यात मी फारशी शहाणी नाही.

आमचं गाव कशेळ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. लग्न होऊन आले तेव्हा मी दहावी पास होते. गावातली पहिली दहावी पास सून. हे मला कुणी विचारत नसे, म्हणून मीच सांगायची. विहिरीवर सांगायची, दळणाला गेले की सांगायची. एकदा शेण गोळा करताना म्हशीलाही सांगितलं असावं. आमचे हे गावातल्या शाळेत मास्तर, आणि जत्रेच्या नाटकाचे सर्वेसर्वा. थोरले दीर साजगावला कारखान्यात होते. आधी दर शनिवारी यायचे, मग सणाला यायचे, मग सणालाही येईनात. तिकडे त्यांनी दुसरं घर केल्याचं कळायला वेळ लागला नाही. अशा बातम्या जीपनेच येतात. जावेला मूल नव्हतं. भाऊ माहेरी न्यायला आला होता, तर म्हणाली, "शेत मी लावलंय, कापनी कोन करील?" आणि राहिली.

मी तिला अक्का म्हणते. तेव्हा ती तिशीची होती, मी बावीस-तेवीसची. दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्या की आम्ही दोघी ओटीवर बसायचो, आणि ती बोलायची. आईला सांगितलं नाही ते तिनं मला सांगितलं. मी शहाणी, शिकलेली, म्हणून सांगते, असं मला वाटायचं. खरं म्हणजे घरात ऐकून घेणारं दुसरं माणूसच नव्हतं.

तीन वर्षं न दिसलेले दीर एकदा आले. त्या दिवशी अक्का खळ्यावर भात झोडत होती. तोंडाला फडकं बांधलेलं, भुवयांपर्यंत धूळ. बाकीच्या बाया लांब शेतात भारे बांधत होत्या. रस्त्याकडून पँट-शर्टातला माणूस आला, खळ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "बाई, पानी हाय का?"

तिनं ओळखलं. त्यांनी ओळखलं नाही. तिनं तांब्या दिला. पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "आमच्या घरची नाय आली खल्यावर?"

अक्का म्हणाली, "ती नाय हितं."

"कवा येल?"

"नाय येनार."

भाताच्या कुसानं तिचा घसा बसलेला, त्यामुळे आवाजही वेगळा. ते थोडा वेळ उभे राहिले आणि आल्या वाटेनं परत गेले. घराकडे वळलेच नाहीत. कशासाठी आले होते, कोण जाणे. बायांनी लांबून विचारलं, कोण होता गं? ही म्हणाली, वाटसरू. पण चाल ओळखणाऱ्या बाया असतात. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि भारे उचलले.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. सांगून झाल्यावर तिनं सुपातले खडे वेचले. एवढंच.

त्या साली मास्तरांनी जत्रेसाठी एक जुनं संस्कृत नाटक मराठीत बसवायला घेतलं होतं. रानातल्या मुलीशी राजा लग्न करतो आणि मग तिला विसरतो, ते. आमच्याकडे तेव्हा, आणि पुष्कळ गावांत अजूनही, नाटकात गावची बाई काम करत नसे. पुरुषांची कामं गावच्या पुरुषांनी करायची आणि बाईच्या कामासाठी मुंबईहून नटी आणायची. ती जत्रेच्या दिवशी सकाळी यायची, दुपारी एकदा सगळ्यांबरोबर उभी राहायची की झाली तालीम. तिला तिची नक्कल आधी टपालानं जायची. नक्कल म्हणजे ज्याची त्याची वेगळी वही. त्यात फक्त त्याचीच वाक्यं, आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन शब्द. अख्खं नाटक एकट्या मास्तरांकडे. या नकला काढायचं काम माझं. अक्षर चांगलं होतं माझं. तेही मी सांगायची.

मास्तर म्हणाले, "दुसरा अंक पडतोय. राजा तिला विसरलाय हे दरबारात एकदम कळतं. त्याच्याआधी काहीतरी पायजे."

मी म्हटलं, "मी लिहू?"

लिहिलं. शिकार करून तहानलेला राजा रानात येतो. तोंड झाकलेली एक बाई भात झोडत असते. तो पाणी मागतो, तिला ओळखत नाही. ऋषींच्या आश्रमात भाताचं खळं कुठून आलं, हे मास्तरांनीही विचारलं नाही. उलट म्हणाले, "डोकं हाय बाई तुझ्यात." त्या शाबासकीवर मी आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

पण मला एक अडचण आली. अक्कानं जे केलं त्यात मला नाटक दिसेना. "ती नाही इथे" म्हणून बाई पुन्हा भात झोडायला लागते, यात लोक रडणार कुठे? नाटक म्हणजे लोक रडले पाहिजेत, अशी माझी समजूत. म्हणून माझी बाई फडकं काढून राजाच्या पायांवर पडली. "नाथ, या अभागिनीस ओळखलेत नाही? या चरणांवाचून मला अन्य आसरा नाही!" चरण हा शब्द त्याआधी मी फक्त आरतीत म्हटला होता. लिहिताना मला स्वतःलाच रडू आलं. किती छान लिहिते मी, म्हणून.

जत्रेच्या दिवशी नटी आमच्याच घरी उतरली, कारण मास्तरांचं घर. लुगडी, दागिने जे लागतील ते घरातल्या बायकांनी द्यायचे, हाही रिवाजच. अक्कानं पेटीतून आपलं हिरवं लुगडं काढून दिलं. कौतुकानं दिलं. "चांगलं निऱ्या काडून नेस गं बाय," असं तिला सांगितलं. मी समोर होते. त्या वेळीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. माझी वाक्यं नटी नीट म्हणेल की नाही, एवढीच मला काळजी.

नीट म्हणाली. फारच नीट म्हणाली. मंडपात पडदा वर गेला, खळं दिसलं, हिरवं लुगडं दिसलं, तोंडावरचं फडकं दिसलं. राजा म्हणाला, बाई, पाणी मिळेल का? आणि बायकांच्या बाजूला एकदम शांत झालं. ती शांतता मला टाळ्यांसारखी वाटली. मी विंगेत उभी राहून वाक्यं ओठांत म्हणत होते. नटी पायांवर पडली, बाया पदर डोळ्यांना लावून हुंदके देऊ लागल्या, आणि बघते तर त्यांतल्या निम्म्या स्टेजकडे बघतच नव्हत्या. त्या अक्काकडे बघत होत्या.

अक्का दुसऱ्या रांगेत होती. उठली. पदर सारखा केला आणि बायांच्या गुडघ्यांमधून वाट काढत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं भाकऱ्या केल्या, मी भाजी केली. नटीला तिनं डबा बांधून दिला. मला एक शब्द बोलली नाही. म्हणजे बोलायची ते मीठ, म्हैस, पाहुणे, ताप. माझी दोन्ही बाळंतपणं तिनं काढली. मास्तर गेले तेव्हा महिनाभर माझ्या शेजारी झोपली. पण आपल्या मनातलं, एक वाक्यसुद्धा, तिनं मला पुन्हा सांगितलं नाही. मीही कधी विषय काढला नाही. आधी वाटलं, राग जाईल. मग वाटलं, जुनं झालं. मग मुलं झाली, दीर तिकडे साजगावातच वारले, म्हशी विकल्या, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. दुपारी ओटीवर बसायचो अजूनही. ती वाल निवडायची, मी पेपर वाचायची.

गेल्या वर्षी माझ्या नातीनं माझी पेटी उपसली. ती कर्जतला कॉलेजात आहे आणि तिच्यात आजोबांचं वेड उतरलं आहे. आमच्या गावातल्या आणि वरच्या वाड्यांतल्या बायका जमवून तिनं नाटक बसवायला घेतलं होतं. तेच जुनं नाटक, पण आजच्या बायकांचं. आता गावच्या बायका स्वतः काम करतात, राजाचंसुद्धा. अंगणवाडीत तालीम चालायची.

"आमच्या नाटकात शाप नाही," ती मला म्हणाली. "जुन्या नाटकात राजाला शापामुळे विसर पडतो ना, ते आम्ही काढून टाकलंय."

अक्का पलीकडून म्हणाली, "बरं केलंव. मानूस इसरतो, त्याला शाप कशाला लागतो?"

नातीनं ते लगेच वहीत लिहून घेतलं.  लिहून घेणाऱ्यांचं काय होतं, ते मला ठाऊक आहे.

आणि मग तिला पेटीत ती नक्कल सापडली. नटी जाताना विसरून गेली होती, मी ठेवून दिली होती. नात माझ्यासमोर येऊन बसली. "आजी, हा पाण्याचा प्रसंग मूळ नाटकात नाहीच. कुठून आणलास? भारी आहे. फक्त ते पायावर पडणं काढते, फार बोअर आहे."

एवढ्या वर्षांनी कुणी माझं लेखन वाचलं आणि बरोबर तेवढ्यावरच बोट ठेवलं. मी खोटं बोलू शकले असते. सुचलंही होतं. पण मुलीचं तोंड तिच्या आजोबांसारखं आहे. मी सगळं सांगितलं.

तिनं नक्कल मिटली. "म्हणजे मोठ्या आजीचं आहे हे."

"हो."

"आणि तिला न विचारता?"

"हो गं, हो. किती वेळा हो म्हणू?"

"मग तिला विचारल्याशिवाय मी घेणार नाही. आणि विचारायचं तू."

मी चार दिवस टाळलं. गुडघा दुखतो म्हटलं, तोही दुखत होताच. पाचव्या दिवशी दुपारी अक्का मोड आलेले वाल सोलत बसली होती. मीही समोर बसून सोलायला लागले.

"अक्का, नातीला ते पाण्याचं नाटकात घालायचंय."

"कुठलं पान्याचं?"

"खळ्यावरचं."

तिचा हात थांबला नाही. "परत?"

त्या एका शब्दानं मी एवढीशी झाले. म्हटलं, "तुझं मी तेव्हा न विचारता घेतलं. चुकलं माझं. एवढी वर्षं सांगायला तोंड झालं नाही."

"घेतलंस त्याचा नाय राग आला मला," ती म्हणाली. "तुला सांगितलं तवाच ते तुझं बी झालं. पन मी पाया पडले होते का गं?"

"नाही."

"तुला ठावं होतं का?"

"होतं."

"मंग?"

मी काय सांगणार होते? की मी दहावी पास होते?

अक्का वाल सोलत बोलत राहिली. तिनं एवढं सलग बोलल्याला किती वर्षं झाली होती, ते माझ्या हातांना कळत होतं. मी एकच वाल केव्हाची सोलत होते. ती म्हणाली, "दुसऱ्या दिसापासून बाया माझ्याशी कशा वागाया लागल्या, तुला नाय दिसलं. कोन लुगडं देतंय, कोन म्हनतंय आमच्यात जेव. पाया पडली तरी नवऱ्यानं टाकली, बिचारी. माझ्या पाठीमागं नाय, माझ्या तोंडावर बिचारी. मी त्याला घालवला होता गं. माझ्या तोंडानं घालवला. माझ्यापाशी तेवढंच होतं."

मी म्हटलं, "मग नको म्हणून सांगते पोरीला."

"नको कशाला? घालू दे." तिनं सालं सुपात झटकली. "पन आदी तू हुबी रायचं. सगल्यांसमोर. आनि सांगायचं."

"काय सांगू?"

"ते तू बग. लिवनारी तू."

आता माझी गंमत ऐका. माफी मागायची होती, तर मी तीही लिहायला बसले. चार पानं झाली. सुरुवातीला मास्तरांची आठवण, मग त्या काळातली स्त्रीची स्थिती, मग कलावंताची जबाबदारी. नातीनं वाचली, म्हणाली, "आजी, यात मोठी आजी तिसऱ्या पानावर येते." मी ती फाडून टाकली. सत्तरीला आले तरी माझे पाय तसेच, जमिनीपासून चार बोटं वर.

प्रयोग कशेळ्याच्या शाळेत ठेवला होता, दुपारी, कारण संध्याकाळी बायकांना पाण्याचं आणि चुलीचं बघायचं असतं. वाड्यांवरच्या बाया जीप भरून आल्या. आमच्या गावच्याही आल्या, त्यांत त्या जत्रेला डोळे पुसणाऱ्या सात-आठजणी अजून आहेत. अक्का आली. चौथ्या रांगेत कडेची खुर्ची धरली. उठून जाता यावं म्हणून धरली, हे मला कळलं.

मी कधी स्टेजवर उभी राहिले नव्हते. आमच्या काळी घरच्या बायका राहत नसत, आणि माझी हौस विंगेपर्यंतच होती. पायऱ्या चढायला नातीचा हात धरला. समोर सगळ्या ओळखीच्या बाया. 

मी म्हटलं, "आमच्या गावच्या जत्रेतलं एक नाटक तुमच्यातल्या काहीजणींनी पाहिलंय. त्यात हिरव्या लुगड्यातली बाई राजाच्या पाया पडली. तुम्हाला वाटलं, तसंच घडलं. तसं घडलं नव्हतं. ते मी लिहिलं. खरं काय ते मला माहीत होतं, तरी मी खोटं लिहिलं, कारण मला वाटलं तुम्ही रडाल. माझ्या जावेनं कुणाचे पाय धरले नाहीत."

एवढं बोलून मला वाटलं झालं. पण पुढच्या रांगेतून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "म्हंजे ती पडलीच नव्हती?"

"नाही."

"आनि पानी?"

"पाणी दिलं. मग सांगितलं, ती नाही इथे, आणि यायची नाही."

 मी अक्काकडे बघायचं धाडस केलं नाही. मग तीच म्हातारी शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "आनि आपुन तिला इतकी वर्सं मटनाचं वशाट धाडत बसलो!"

हशा झाला. हशा ओसरायच्या आत चौथ्या रांगेतून अक्काचा आवाज आला, "लागत होतं तवा धाडलंव, उपकार झाले. आता गप बसा नि नाटक चालू करा. आनि तू खाली उतर गं, मधीच हुबी."

मी उतरले.

तो प्रसंग वरच्या वाडीतल्या एका बाईनं केला. ती एरवी रानभाज्या विकायला कशेळ्याला बसते. तोंडाला फडकं बांधून ती भात झोडत होती, खरे भारे, खरा पेंढा, धूळ पहिल्या रांगेपर्यंत. राजा झालेल्या बाईनं पाणी मागितलं. हिनं दिलं. राजानं विचारलं, आणि हिनं आपल्या वाडीच्या बोलीत, मान वर न करता, उत्तर दिलं. राजा उभा राहिला. ही पुन्हा झोडायला लागली. पाच-सहा वेळा भारा आपटल्याचा आवाज आला आणि राजा निघून गेला. कुणी रडलं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणीतरी आपल्या मांडीवरच्या पोराला हळूच गप्प केलं.

मी अक्काकडे पाहिलं. ती त्या बाईच्या हातांकडे बघत होती, काम बरोबर करते की नाही ते बघतात तशी. खुर्चीवरून उठली नाही. पुढचा दरबार, राजाला आठवण होणं, त्या बाईनं परत जायला नकार देणं, सगळं तिनं शेवटपर्यंत बसून पाहिलं.

परतताना जीपमध्ये आम्ही मागे बसलो. गर्दी होती, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. नात पुढे मैत्रिणींबरोबर बसून आपलं नाटक कसं झालं ते मोठमोठ्यानं बोलत होती. बरंच अंतर गेल्यावर अक्का म्हणाली, "तो गेल्यावर मी काय केलं, ते तुला तवा सांगितलं नवतं."

"नाही सांगितलंस."

"इच्यारलं बी नाय तू."

"नाही विचारलं."

मग तिनं सांगितलं, बाहेर बघत, हळू आवाजात. रस्ता खराब, जीप हादरत होती, मधले काही शब्द मला ऐकू आले नाहीत, आणि मी तिला पुन्हा सांग म्हटलं नाही. जेवढे ऐकू आले तेवढे माझ्यापाशी आहेत.